भेटीच्या घोड्याचे दात

परवा नववीत शिकणारी पुतणी इंग्रजीचे पुस्तक घेऊन ओसरीवर आली. म्हणाली, "काका, भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात पाहू नये, असं इथं लिहिलंय. घोड्याच्या तोंडात असतं तरी काय?" शेजारी सुपारी कातरत बसलेले आमचे वडील हसले. "अगं, दात असतात! आपल्याकडं म्हणतात ना, धर्माची गाय अन् दात का नाय? त्यातलाच हा प्रकार."

'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ' ही ती इंग्रजी म्हण. जॉन हेवूड याने 1546 साली इंग्लंडात छापलेल्या म्हणींच्या संग्रहात ती आहे. त्याच्याही सुमारे साडेअकराशे वर्षे आधी संत जेरोम याने लॅटिन भाषेत ती लिहिली, तीही जुनी म्हण म्हणूनच.

बैलबाजार केलेल्या माणसाला तिचा अर्थ सांगावा लागत नाही. बैलाला पुढचे आठ दात असतात, तेही खालच्याच जबड्यात. साधारण दोन वर्षांचा झाला की दुधाचे दात पडून पक्क्या दातांची पहिली जोडी येते. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती करीत साडेचार वर्षांच्या सुमारास तो जुळतो. घोड्याला पुढचे दात वर सहा आणि खाली सहा. पाचव्या वर्षी ते पुरे होतात. पुढे त्यांच्या झिजेवरून वय ओळखतात. म्हणजे दात पाहणे म्हणजे किंमत करणे. प्रेमाने दिलेल्या वस्तूची किंमत देणाऱ्यासमोर करू नये, एवढेच ही म्हण सांगते. भावाने भाऊबीजेला आणलेल्या लुगड्याचा पोत चारचौघांत चाचपू नये. शेजारणीने दिलेल्या ताकाला पातळ म्हणू नये.

पण शेतकरी बंधूंनो, या म्हणीला एक कुंपण आहे. ती भेटीपुरती आहे, सौद्यापुरती नाही. "पाच पिशव्यांवर एक पिशवी फुकट" असे दुकानदार म्हणतो, तेव्हा ती भेट नव्हे. ती सौद्याचाच भाग असते. तिथे दात जरूर पाहावेत. बियाण्याच्या पिशवीवरची मुदत वाचावी, पक्की पावती घ्यावी, दुसऱ्या दुकानातला भाव विचारावा.

आणि सासऱ्यांनी मायेने गाय दिली, तर तिचे दात मोजू नका, पण गोठ्यात आणल्या आणल्या इतर जनावरांत बांधूही नका. निदान तीन आठवडे वेगळी ठेवा, डॉक्टरांना दाखवा, लाळ्या-खुरकुताची लस टोचली आहे का ते विचारा. यात सासऱ्यांचा अपमान नाही. नव्या जनावराबरोबर आलेला रोग सगळा गोठा आजारी पाडू शकतो.

पुतणीने वहीत अर्थ लिहिला, "भेटीला नावे ठेवू नयेत." वडील म्हणाले, "खाली आणखी एक ओळ लिही. विकत घेताना मात्र जबडा उघडून पाहावा."