अपग्रेडनंतर छोट्या लॅपटॉपचा वायफाय गेला?

जुन्या नेटबुकवर लिनक्स अपग्रेड केलं आणि वायफायचं नावच दिसेना, तर लगेच फॉरमॅट मारू नका. कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

आधी टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ बघा. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल, तर कडेचा स्विच किंवा फंक्शन की दाबा. तिथे सगळं ठीक असेल, तर ‘एलएसपीसीआय’ने कार्ड ओळखा.

अनेक नेटबुकमध्ये ब्रॉडकॉमचं बीसीएम ४३१२ असतं, आणि खरी मेख तिथेच आहे. त्याचा ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर कर्नलमध्ये नसतो, बाहेरून येतो. कर्नल बदलला की डीकेएमएस तो नव्याने बांधतं, पण त्यासाठी त्याच आवृत्तीचे कर्नल हेडर्स लागतात. ते नसले की ड्रायव्हर तयारच होत नाही. खात्री करायची तर बूट मेन्यूतून जुना कर्नल निवडा. तिथे वायफाय चाललं, तर दोष ड्रायव्हरचा. मग हेडर्स टाकून ड्रायव्हरचं पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करा. नेट नाही? मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. (ही सोय खरंच अनमोल आहे!)

दुसरा पर्याय ‘बी४३’. तो कर्नलमध्येच असतो, पण फर्मवेअर वेगळं घालावं लागतं. मला जुन्या मशीनसाठी हाच आवडतो, कारण दर कर्नलला बांधकाम नको. दोन्ही ड्रायव्हर मात्र एकत्र ठेवू नका, ते भांडतात.

इंटेल कार्डवाल्यांनो, डेबियन १२ पासून (२०२३) फर्मवेअर ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात गेलंय. सोर्सेस लिस्टमध्ये तो जोडलाय का, तेवढं बघा.