जामखेडचा वर्ग

ख्रिस्ती श्रद्धेचे आचरण आपल्या मराठी मुलखात प्रत्यक्ष कोणत्या रूपाने नांदते ते नाताळच्या अंकासाठी पाहून या, अशी आज्ञा आमच्या संपादकांनी केली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या जुन्या प्रार्थनामंदिरांची नावे मनात घोळत असतानाही माझी पावले जामखेडकडे वळली. नगरहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा तालुका खर्ड्याच्या किल्ल्यामुळे आणि त्याच्या परिसरात १७९५ साली झालेल्या लढाईमुळे इतिहासाला ठाऊक आहे, आणि चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मग्राम याच तालुक्यात असल्यामुळे पुण्यस्मरणालाही. परंतु एरवी पाऊस ज्याला नेहमी विसरतो असा हा प्रदेश, आणि सरकारी दप्तरात त्याची नोंद पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणग्रस्त म्हणूनच होत आली. अशा ठिकाणी अर्धशतकाहून अधिक काळ एक संस्था उभी आहे; तालुक्यातील माणसे तिला ‘आरोळे हॉस्पिटल’ एवढेच म्हणतात.

संस्थेचा लौकिक इतिहास थोडक्यात सांगून टाकतो, कारण तो अन्यत्र विस्ताराने उपलब्ध आहे. डॉ. रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्याचेच, आणि डॉ. मेबल या जबलपूरच्या एका धर्मशास्त्रीय महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या कन्या. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, १९६० साली विवाहबद्ध झाले, आणि खेड्यातील उपेक्षितांसाठी आयुष्य वेचण्याचा निश्चय त्यांनी त्याच वेळी केला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरात ठाणे घातले तेव्हापासून या जिल्ह्यात ख्रिस्ती सेवेची एक परंपरा होती; कवी रेव्हरंड टिळक आणि त्यांच्या पत्नी, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई, ही दोघे त्याच भूमीवर वावरली. त्या परंपरेतील वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात आरोळे दांपत्याने काही वर्षे काम केले आणि तेथेच त्यांना एक गोष्ट बोचू लागली: बरे होऊन घरी गेलेला रुग्ण तेच पाणी पिऊन, त्याच उपासमारीत राहून, तोच आजार घेऊन पुन्हा दारी येत होता. अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ती दोघे परतली, आणि १९७० साली जामखेडच्या लोकांनी देऊ केलेल्या, जनावरांच्या जुन्या पडक्या दवाखान्यात त्यांनी आपले काम मांडले. पुढे १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार आणि १९९० साली डॉ. रजनीकांतांना पद्मभूषण, असे सन्मान यथाकाल आले. मेबल १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली निवर्तले. आता त्यांची पुढची पिढी काम पाहते.

माझे मन मात्र या पुरस्कारांत रमले नाही. ते गुंतले ते एका वर्गात, आणि या वर्गाची उत्पत्ती एका अपयशातून झाली आहे. आरंभी आरोळ्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या. परगावच्या तरुण मुलीला एकटीने खेड्यात बिऱ्हाड करणे कठीण, आणि गावच्या बायकांना तिचे सांगणे आपले वाटेना. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडून द्यावी, तिला शिकवण्याची तजवीज दवाखान्याने करावी, असे ठरले. गावोगावांहून बायका आल्या त्या बहुधा मध्यमवयीन, अक्षरशत्रू, पुष्कळशा दलित, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने याहून अयोग्य विद्यार्थिनी मिळणे दुरापास्त होते; परंतु ज्या बाईने स्वतःचे मूल गमावले आहे तिला दुसरीच्या मुलाचा ताप समजावून द्यावा लागत नाही, हे त्या डॉक्टर दांपत्याने ओळखले.

या वर्गाचा पहिला पाठ म्हणजे स्वतःचे नाव सांगणे. अमक्याची बायको, तमक्याची आई, या पलीकडे जिला कधी कोणी हाक मारली नाही अशा बाईला भर मंडळीत उभे राहून आपले नाव उच्चारता यावे, यासाठी पुष्कळ सायास करावे लागत. दुसरा पाठ बोलून शिकवलेला नव्हता: मराठा, महार, मांग, धनगर, मुसलमान, सगळ्यांनी एकाच पंगतीत जेवायचे आणि एकाच खोलीत शेजारीशेजारी निजायचे. ज्या बाईला गावच्या विहिरीला शिवण्याची मुभा नव्हती तिच्या हातची भाकरी पाटलाच्या घरची बाई खाते, ही गोष्ट त्या काळी जामखेड परिसरात सामान्य नव्हती. आणि नंतर मग शरीरशास्त्र: पापणी खाली ओढून रक्ताचा फिकेपणा पाहणे, गरोदर बाईच्या घोट्यावर अंगठा दाबून सूज जोखणे, पोटावर तळहात ठेवून मूल आडवे आहे की सरळ ते सांगणे, अंगावरच्या पांढुरक्या चट्ट्यावर पिसाचा स्पर्श कळतो की नाही ते तपासून महारोगाची शंका घेणे. जुलाबाने सुकत चाललेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी द्यायचे, आणि ते आपल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये, हे माप लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही विसरणे अशक्य आहे.

वर्गात मी एका कोपऱ्यात बसलो होतो. सुरकुतलेल्या चेहऱ्याची, डोईवरचा पदर सतत सावरणारी एक वृद्धा शिकवीत होती, आणि समोर तिच्या नातींच्या वयाच्या बायका होत्या. तिच्या हाती पुस्तक नव्हते. ती एक प्रश्न विचारी, उत्तर आले की तोच प्रश्न दुसरीला विचारी, मग तिसरीला, आणि पहिलीचे उत्तर बरोबर होते तरी तो प्रश्न सोडीत नसे. नाळ कशाने कापायची? नवे पाते, उकळलेला दोरा. नाळेवर काय लावायचे? काहीच नाही. आणि सासूने शेण आणले तर? या प्रश्नावर मात्र वर्ग थबकला, कारण त्याचे उत्तर वैद्यकीय नव्हते. सासूशी भांडायचे नाही, तिला जवळ बसवायचे, मूल तिच्या मांडीवर द्यायचे, तिच्या हातांना काम द्यायचे आणि बोलत बोलत ते शेण बाजूला ठेवायचे, असे ती वृद्धा सांगत होती. सासूचा अपमान झाला तर पुढच्या बाळंतपणाला या घरात आपल्याला कोणी बोलावणार नाही, हे तिचे कारण व्यावहारिक होते. परंतु ते ऐकताना मला असे वाटले की धर्मोपदेशकांच्या व्याख्यानांत शेजाऱ्यावर प्रेम करण्याविषयी जे ऐकले ते येथे कृतीच्या पातळीवर उतरलेले आहे.

कारण ख्रिस्ती श्रद्धेची जी कसोटी येशूने त्या शोमरोनी वाटसरूच्या दृष्टांतात घालून दिली, तीत श्रद्धेची परीक्षा मुखाने काय म्हटले यावर होत नाही. रस्त्याच्या कडेला पडलेल्या परक्या माणसाच्या जखमा कोणी बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर कोणी बसवले आणि उतारशाळेचा खर्च कोणी भरला, एवढेच तेथे पाहिले जाते. आरोळे दांपत्याने हा दृष्टांत एक पाऊल पुढे नेला, असे माझे मत आहे. त्यांनी जखम बांधली, आणि जखम बांधण्याची विद्याही गावाच्या हाती देऊन टाकली. डॉक्टराला आपली विद्या वाटून टाकणे सोपे नसते. तिच्यावरच त्याची प्रतिष्ठा आणि चरितार्थ उभा असतो. म्हणून दानधर्मापेक्षा हे दान मला मोठे वाटते. आणि हे सर्व करीत असता त्यांनी कोणाला धर्म बदलण्याची अट घातली नाही. वारकऱ्यांच्या घरात माळ तशीच राहिली, मुसलमानाचा रोजा तसाच राहिला.

दुष्काळातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९७२ च्या सुमारास पाण्यासाठी कूपनलिका खोदण्याचे काम संस्थेने हाती घेतले, तेव्हा पाणी कोठे लागेल ते पाहणाऱ्या भूगर्भतज्ज्ञाला आरोळ्यांनी दलित वस्त्यांकडे नेले, आणि खोदाई तेथे झाली. ज्यांना आजवर दुसऱ्याच्या विहिरीपाशी ओंजळ पसरून उभे राहावे लागले होते त्यांच्या दाराशी पंप आला, आणि उरलेले गाव घागरी घेऊन तेथे येऊ लागले. याविषयी कोणी भाषण केले नाही. महारोग्यांविषयीही हेच धोरण: त्यांच्यासाठी निराळी वसाहत न करता त्यांना इतर रुग्णांच्याच रांगेत बसवले, आणि ज्यांचे पाय गेले त्यांच्यासाठी दवाखान्याच्या आवारात गावचेच कारागीर कृत्रिम पाय घडवू लागले.

आकडे मी मुद्दाम मागे ठेवले. १९७१ साली या खेड्यांत हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. १९९६ पर्यंत ती संख्या २६ वर आली. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आलेल्या एका तुलनात्मक अभ्यासात असे आढळले की पहिला महिना उलटल्यावर पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत भोवतालच्या गावांपेक्षा ३० टक्क्यांनी कमी आहे. पहिल्या महिन्यातील मृत्यूंच्या बाबतीत मात्र तसा फरक दिसला नाही. ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण त्या पहिल्या महिन्यातील पुष्कळ संकटांना सुसज्ज दवाखाना लागतो आणि गावातील बाईचे हात तेथे अपुरे पडतात. १९८८ साली याच वर्गातून शिकलेली एक बाई वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला गेली असता तिने छतावरचे झुंबर आणि आपल्या गावची पणती यांची तुलना केली होती. झुंबर महाग, आणि एक पणती दुसरीला पेटवू शकते, असा तिचा आशय होता. ते खरेच आहे. परंतु रात्री दोन वाजता अडलेल्या बाईला झुंबराच्या उजेडापर्यंत नेण्यासाठी गाडी लागते, आणि रस्ताही लागतो.

यापुढे जे लिहायचे ते चिंतेने लिहितो. सत्तरीच्या दशकात निवडलेल्या त्या बायकांपैकी कित्येक आज हयात नाहीत, आणि ज्या आहेत त्या थकल्या आहेत. त्यांना पगार नव्हता. अल्प मानधन आणि लहानसहान धंद्यासाठी उसनी रक्कम, एवढ्यावर त्यांनी गावे सांभाळली. प्रेमाच्या नावाखाली बायकांचे श्रम फुकट घेणे हा आपल्या समाजाचा जुना दोष आहे, आणि जामखेडची कितीही प्रशंसा केली तरी हा प्रश्न मला डावलता येत नाही. २००५ नंतर सरकारने गावोगाव ‘आशा’ आरोग्यसेविका नेमल्या, त्यांच्या कल्पनेमागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता. पण तेथे प्रत्येक कामाला ठरावीक मोबदला आणि प्रत्येक मोबदल्याला नोंदवही, अशी रीत पडली. आशांनी योग्य वेतनासाठी संप केले ते सर्वस्वी न्याय्य होते. परंतु ज्या कामाला रकाना नाही, म्हणजे सासूच्या शेजारी तासभर बसणे, टाकलेल्या सुनेच्या घरी सहज डोकावून येणे, त्याचे काय करायचे, हे कोणत्याही खात्याला अद्याप उमगलेले नाही. बारावी झालेल्या आजच्या मुलीला नोकरी हवी असते, आणि तिने ती का मागू नये?

आजारही बदलले. जुलाब आणि घटसर्प यांची जागा मधुमेहाने आणि रक्तदाबाने घेतली. हे आजार एका भेटीत बरे होत नाहीत, जन्मभर गोळी घ्यायला लावणे हे त्यावरचे औषध. त्यात प्रत्येक बाजारगावी खासगी दवाखाने झाले, आणि सलाईन लावल्याशिवाय उपचार झाल्यासारखे लोकांना वाटेनासे झाले. जी बाई मोकळ्या हाताने येते आणि पथ्य सांगून जाते तिचे मोल त्यामुळे कमी होते.

सर्वांत मोठे संकट मात्र याहून निराळे आहे. जामखेडची सगळी रचना गाव जागेवर आहे या गृहीतावर उभी आहे, आणि गाव आता जागेवर राहत नाही. दसरा-दिवाळी झाली की जामखेड, आष्टी, पाथर्डी या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेले नवरा-बायको, म्हणजे एक कोयता, मुलांसह कारखान्याच्या फडावर कोप्यांत जाऊन राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. या पाच-सहा महिन्यांत गरोदर बाईच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहणारे कोणी तिच्याजवळ नसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेली, हे २०१९ साली उघडकीस आले तेव्हा महाराष्ट्र हादरला. पण पाळी आली तरी खाडा परवडत नाही म्हणून शरीराचा अवयव काढून टाकणाऱ्या बाईशी शांतपणे बोलायला त्या फडावर कोण होते?

म्हणून हा लेख संपवताना सहकारी साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना माझी एक विनंती आहे. प्रत्येक टोळीबरोबर त्याच टोळीतील, टोळीने निवडलेली एक बाई असावी. हंगामापूर्वी तिला जामखेडच्या वर्गात शिकवून आणावे. आणि हंगामभर तिच्या हाती कोयता न देता कारखान्याच्या जमाखर्चातून तिला रीतसर वेतन द्यावे. शिकवायला तेथील अनुभवी बायका आज आहेत. आणखी दहा वर्षांनी त्या असतीलच असे नाही.