उद्याच्या पिठाची काळजी

लहानपणी आमच्या शेजारी एक ख्रिस्ती मावशी राहत. दवाखान्यात आया म्हणून नोकरीला होत्या. जेवण्याआधी त्या डोळे मिटून प्रार्थना करत. महिनाअखेरीला ताटात नुसती भाकर आणि ठेचा असला, तरी प्रार्थना तेवढीच लांब. माझी आई पाचही वेळा नमाज पढणारी, पण रात्री डब्यातले पीठ चाचपून पाहिल्याशिवाय तिला झोप येत नसे. एकदा तिने विचारले, "बाई, तुम्हाला उद्याचा घोर नाही लागत?" मावशी म्हणाल्या, "आजची मागितली, आजची मिळाली. उद्याची उद्या मागू." मला ते उत्तर तेव्हा बेफिकिरीचे वाटले होते.

पुढे बायबल वाचले तेव्हा त्याचे मूळ सापडले. मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशू डोंगरावरून बोलतो आहे. समोर बसलेली माणसे कोळी, शेतकरी, मोलमजूर अशी असावीत. त्यांना तो पाखरांकडे आणि रानातल्या भूकमळांकडे पाहायला सांगतो. पाखरे कोठारे भरत नाहीत, फुले सूत कातत नाहीत, तरी देव त्यांना विसरत नाही, मग तुम्हाला कसा विसरेल? आमच्या हदीसमध्येही पाखरे आहेत. सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात. पण निघतात, घरट्यात बसून राहत नाहीत, हे आमचे मौलवी आवर्जून सांगत.

येशूच्या श्रोत्यांना त्याआधीची एक गोष्टही ठाऊक होती. मिसरातून सुटलेले इस्राएली लोक रानात उपाशी होते, तेव्हा देवाने त्यांना मान्ना दिला. अट एकच : रोज त्या दिवसापुरता गोळा करायचा. ज्यांनी उद्यासाठी दडवून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती. म्हणजे साठवणीला सरसकट बंदी नव्हती. बंदी होती ती भीतीपोटी केलेल्या साठवणीला.

तरीही एक प्रश्न उरतोच. ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही, त्याला 'काळजी करू नकोस' म्हणणे सोपे, आणि थोडे निर्दयही. याकोबाच्या पत्रात याच ढोंगावर कोरडे ओढले आहेत. उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याचा विश्वास तो मेलेला मानतो.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे केडगावला पाहायला मिळते. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षे मदत कबूल केली होती. ती मुदत १८९८ मध्ये संपत आली. त्याच सुमारास १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. हिशेबी माणसाने असे केले नसते. त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र वाचले होते. म्युलरने कोणाकडेही पैसे न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालवली. १८७० पर्यंत त्यांत सुमारे दोन हजार मुलांची सोय झाली होती. हिंदुस्थानातही असा भरवसा टाकता येईल का, हा रमाबाईंपुढचा प्रश्न होता. १९०० च्या दुष्काळानंतर 'मुक्ती'तली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

पण या दोघांच्या विश्वासाची दुसरी बाजू लोक सांगत नाहीत. म्युलर कर्ज काढत नसे आणि पैन् पैचा हिशेब छापून प्रसिद्ध करी. रमाबाईंनी विहिरी खोदल्या, शेती केली, छापखाना घातला, मुलींच्या हाती माग दिले. काळजी सोडली, काम सोडले नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट मात्र मला अधिक अवघड वाटते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. त्याआधीही पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. कवी म्हणून मला त्यांचा मोह पडतो. पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना सारखे वाटत राहते, की भरवसा एकाचा आणि ओढाताण दुसऱ्याची. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, म्हणून आपणही हसतो. घरात असा देवमाणूस असला की हिशेब कोणी ठेवायचा, हे पाखरांच्या दृष्टांतात येत नाही.

ख्रिस्ती प्रार्थनेत भाकर मागितली जाते ती 'माझी' म्हणून नव्हे, 'आमची' म्हणून. या अनेकवचनाकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. कोणाकडेही न मागण्याचा म्युलरचा बाणा मोठा खरा, पण शेजाऱ्याकडे मागितले म्हणजे विश्वास कमी पडला, असे मी म्हणणार नाही.

कारण आमच्या मावशी मागत. पगार लांबला की प्रार्थना करून उठत आणि वाटी घेऊन सरळ आमच्या दारात येत. "आपा, दोन वाट्या पीठ द्या." ना संकोच, ना रडगाणे. आई डबा उघडायची. खरवडण्याचा आवाज मला बाहेर ऐकू यायचा. पगार झाला की मावशी तीच वाटी घेऊन येत, शीग लावून भरलेली. आई म्हणायची, "एवढे नव्हते दिले." मावशी वाटी ओट्यावर ठेवून केव्हाच निघून गेलेल्या असत.