रसग्रहणाचे अध्यापन आणि शिक्षकांचा सहविचार

माध्यमिक स्तरावरील मराठीच्या अध्यापनात वाचन व लेखन ही दोन स्वतंत्र कौशल्ये मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः विद्यार्थ्याने संहिता कशी वाचली, याचा प्रत्यय त्याच्या लेखनातूनच येतो. हे लेखन पुष्कळदा ‘गाईड’मधील तयार उत्तरावर बेतलेले असते. त्याचा दोष केवळ विद्यार्थ्याकडे जात नाही. चांगले उत्तर कशाला म्हणावे, यासंबंधी शिक्षकांमध्ये विचारविनिमय होत नाही, हेही त्याचे एक कारण होय.

केशवसुतांच्या १८९३ मधील ‘तुतारी’ या कवितेचे उदाहरण घेता येईल. ‘कवीने प्रभावी शब्दांत सामाजिक परिवर्तनाचा संदेश दिला आहे’ हे विधान चुकीचे नाही. परंतु ते इतर अनेक कवितांनाही तितकेच लागू पडते. सतार, सारंगी, वीणा ही वाद्ये बाजूला सारून कवी तुतारीच का मागतो, असा प्रश्न ज्याला पडतो, तो मात्र संहितेपर्यंत पोहोचलेला असतो. समजा, एका उत्तरात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये हे तिन्ही मुद्दे नीटस भाषेत आले आहेत; दुसऱ्यात वाद्यांमधील हा विरोध टिपला आहे, पण शुद्धलेखन सदोष आहे. एकट्याने तपासणी करणारा शिक्षक पहिल्या उत्तराला सहज झुकते माप देऊ शकतो. हीच उत्तरे तीन-चार शिक्षकांनी गुण न देता एकत्र वाचली, तर प्रत्येकाचे अव्यक्त निकष उघड होतात. मग पुढच्या तासाला काय शिकवावयाचे, हेही ठरते: पहिल्या विद्यार्थ्याला विधानासाठी कवितेतील आधार शोधावयास लावणे आणि दुसऱ्याला आपले निरीक्षण परिच्छेदात विस्तारण्यास साहाय्य करणे.

सहविचाराची ही दिशा अन्यत्रही आढळते. जेम्स ग्रे यांनी १९७४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील परिसरात ‘बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट’ सुरू केला. अनुभवी शिक्षक हेच इतर शिक्षकांचे उत्तम मार्गदर्शक होत आणि लेखन शिकविणाऱ्याने स्वतः लिहिले पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. उन्हाळी सत्रांत शिक्षक आपल्या अध्यापनाची प्रात्यक्षिके सादर करीत व परस्परांचे लेखन वाचीत. स्वतः रसग्रहण लिहून ते सहकाऱ्यांपुढे ठेवणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थ्याची अडचण आतून कळते, हे त्यातील मर्म मराठीच्या वर्गालाही लागू आहे.

लहान शाळेत मराठीचा शिक्षक अनेकदा एकटाच असतो, ही अडचण खरी आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) मांडलेली शाळासंकुलाची कल्पना येथे उपयोगी पडते. जवळपासच्या शाळांतील शिक्षकांनी सत्रातून दोनतीनदा मोजकी उत्तरे घेऊन एकत्र बसणे, एवढाही आरंभ पुरेसा आहे.

मात्र सहविचार म्हणजे एकसारखेपणा नव्हे. शिक्षकांनी मिळून एक आदर्श उत्तर निश्चित केले आणि ते वर्गात उतरवून दिले, तर एका ‘गाईड’ची जागा दुसरे ‘गाईड’ घेईल. मतैक्य हवे ते उत्तराविषयी नव्हे, तर उत्तराला संहितेचा आधार असावा या अपेक्षेविषयी. ही मर्यादा सांभाळली, तरच रसग्रहणात विद्यार्थ्याचे स्वतःचे वाचन उमटू शकेल.