'जेजुरी' आणि भिंतीबाहेरचे वाचक

अरुण कोलटकर यांच्या 'जेजुरी'विषयी गेली जवळजवळ पन्नास वर्षे मते मांडली जात आहेत. ती मांडणारे बहुतेक प्राध्यापक, संपादक आणि कवी आहेत. इंग्रजीच्या वर्गात ते पुस्तक लागते, त्यावर मार्गदर्शिका निघतात आणि विद्यार्थी 'श्रद्धा आणि संशय' या मथळ्याचे उत्तर पाठ करतात. मीही एके काळी केले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. पुस्तकाविषयी आपले स्वतःचे मत असू शकते, ही गोष्ट मला पदवी हाती आल्यावर बऱ्याच वर्षांनी कळली. तोवर मत म्हणजे जे मार्गदर्शिकेत छापलेले असते ते, एवढेच ठाऊक होते.

कोलटकर मूळचे कोल्हापूरचे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले, आणि पोटासाठी जाहिरातीच्या क्षेत्रात चित्रकार म्हणून काम केलेले. ते मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहीत. 1963 साली ते आपला भाऊ आणि कवी मनोहर ओक यांच्याबरोबर जेजुरीला गेले. त्यातून झालेल्या इंग्रजी कविता 1976 साली 'क्लिअरिंग हाऊस' या कवींनीच चालवलेल्या प्रकाशनाने काढल्या. त्या प्रकाशनाच्या पुस्तकांची मांडणी कोलटकरच करीत. 1977 साली पुस्तकाला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. मराठी 'जेजुरी' पुस्तकरूपाने आली ती 2004 साली झालेल्या त्यांच्या निधनानंतर. हा माणूस चित्रकार आहे हे विसरून ही कविता वाचता येत नाही. एका ठिकाणी जोंधळ्याच्या शेतात कोंबडे-कोंबड्या नाचताना दिसतात, तेथे शब्दच पानावर खालीवर उड्या मारतात. वर्गात हे पान दाखवले की मुले पहिल्यांदा हसतात आणि मग पुस्तक हातात मागतात.

पुरस्कारानंतर कौतुक झाले. आक्षेपही आले. त्यांतला सर्वांत गाजलेला आक्षेप भालचंद्र नेमाडे यांचा. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीयांवर टीका करताना त्यांनी असे म्हटले की, 'जेजुरी'च्या कवीची नजर मुंबईहून सुटीला येऊन जाणाऱ्या पर्यटकाची आहे. खंडोबा हा धनगर, शेतकरी, अठरापगड जातींचा देव. त्या श्रद्धेची मुळे खोल आहेत आणि या कवीला तेथे फक्त पडझड दिसते, असा या आक्षेपाचा रोख. पुढे 2005 साली न्यूयॉर्कला जी आवृत्ती निघाली, तिच्या प्रस्तावनेत अमित चौधुरी यांनी कोलटकरांची बाजू घेतली. म्हणजे वाद झाला तो लेखकालेखकांत.

हाच वाद आम्ही कुरवंड्यात पुन्हा केला. कुरवंडे लोणावळ्याला लागून, नागफणीच्या पायथ्याशी आहे. रविवारी संध्याकाळी विहारात दहाबारा जण जमतात. कॉलेजची मुले-मुली, एक निवृत्त शिक्षक, चळवळीतले दोन जुने कार्यकर्ते. पर्यटक म्हणजे काय हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. नागफणीचा सुळका आमच्या माणसांना नागाच्या फणीसारखा दिसला. इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले, आणि शहरातून येणाऱ्यांच्या तोंडी आजही नाकच आहे. आमच्या आयाबहिणी त्याच वाटेवर कणसे भाजतात आणि चहा विकतात. तेव्हा नेमाड्यांचा आक्षेप मी सांगितला, त्या वेळी सगळे त्यांच्याच बाजूने जातील असे मला वाटले होते.

तसे झाले नाही. सुटीच्या दिवशी लोकांना नागफणीवर घेऊन जाणारा एक विद्यार्थी उठला. "सर, हा पर्यटक असेल, पण आमच्याकडं येतो तसला नाही. आमचा पर्यटक गाडीची काचसुद्धा खाली घेत नाही." त्याच्या डोळ्यापुढे म्हातारीची कविता होती. पन्नास पैशांसाठी एक म्हातारी पाहुण्याच्या मागे लागते, तो तिला झटकू पाहतो, आणि या डोंगरात म्हातारीने दुसरे करायचे तरी काय असे ती विचारते तेव्हा तो तिच्या डोळ्यांत पाहतो. मग डोंगर, देवळे, आकाश सगळ्याला तडे जातात. उरते ती एकटी म्हातारी, आणि पाहुणा तिच्या हातातली चिल्लर होऊन बसतो. "म्हणजे शेवटी कोण कुणाच्या हातात गेलं?" त्या मुलाने विचारले. हा प्रश्न मी कोणत्याही मार्गदर्शिकेत वाचलेला नाही.

मग यशवंतरावाची कविता निघाली. यशवंतराव हा दगडाचा, आकार नसलेला देव. देवळाबाहेर, बाहेरच्या भिंतीच्याही बाहेर ठेवलेला. कवी त्याला दुय्यम दर्जाचा देव म्हणतो आणि व्यापारी व महारोगी यांच्या शेजारात बसवतो. हे वाचून विहारात कोणी हसले नाही. भिंतीबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकाला टीपेत समजावावे लागत नाही. कवी मात्र सांगतो की भेटण्याजोगा देव हाच. हा मोडलेली हाडे सांधतो, आणि स्वतःच अपुरा असल्याने अपुऱ्यांची त्याला जाण आहे. प्रस्थापित समीक्षेने या कवितेतला विनोद पाहिला. भिंत कोणी बांधली, याकडे तिचे फारसे लक्ष गेले नाही.

परंतु येथेच आमच्यात फूट पडली. देवावर तुमचा विश्वास आहे का, असे कोलटकरांना एका मुलाखतीत विचारले होते. त्यांचे उत्तर अशा आशयाचे होते की, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. त्यावर भूमिका घ्यायलाच हवी असे मला वाटत नाही. हे ऐकून जुन्या कार्यकर्त्यांपैकी एक जण म्हणाले, "त्यांना चालतं. त्यांना कुठल्या देवळाच्या पायरीवर अडवलं होतं? आम्हाला भूमिका घ्यावीच लागली." 1929 साली पर्वतीचा सत्याग्रह ज्या जिल्ह्यात झाला आणि दगड खाल्ले गेले, त्या जिल्ह्यातल्या माणसाचे हे मत आहे. 14 ऑक्टोबर 1956 नंतर ते अधिकच पक्के झाले. माझ्या आजोबांनी धर्मांतरानंतर देव्हाऱ्यातले टाक, खंडोबाचा टाकही, इंद्रायणीत सोडले. इंद्रायणी आमच्या गावातच उगम पावते. आजीने भंडाऱ्याची डबी मात्र कितीतरी वर्षे धान्याच्या कणगीमागे लपवली होती. कोलटकर मला जवळचे वाटतात ते या आजीमुळे, आणि दूरचे वाटतात ते आजोबांमुळे. या दोन्ही गोष्टी मी एकदमच खऱ्या मानतो.

सर्वांत अवघड प्रश्न मुरळीच्या गाण्याचा. चांदण्या रात्री मुरळी गिऱ्हाईकाला हटकते: ही खंडोबाची बाई आहे, हात लावू नकोस, आधी पैसे दाखव. समीक्षकांना यात खट्याळपणा दिसतो. आमच्या एका विद्यार्थिनीचे मत वेगळे पडले. "सर, कवीनं तिला तोंड दिलंय, हे चांगलं केलं. पण तिला देवाला सोडली कुणी, ते कुठं आहे?" मी म्हणालो, कविता म्हणजे चौकशी समितीचा अहवाल नव्हे. ती म्हणाली, मग अहवाल कुठं मिळेल ते सांगा. या बाईंपुढे माझी पदवी अपुरी पडली हे कबूल करतो.

तिला मी जे सांगितले ते असे. याच पुणे जिल्ह्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 साली सुरू केलेल्या 'सोमवंशीय मित्र' या पत्रातून मुली खंडोबाला वाहण्याच्या चालीविरुद्ध मोहीम चालवली. त्या पत्रात एका मुरळीने स्वतः पत्र लिहून आपली हकीकत मांडली. म्हणजे 'जेजुरी'च्या कितीतरी वर्षे आधी मुरळी आपल्या तोंडाने बोलली होती. पुढे जून 1936 मध्ये बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या-मुरळी, देवदासी, जोगतिणी आणि वेश्या यांच्या सभेत ते जिणे सोडण्याचे परखड आवाहन केले. कोलटकरांनी हे वाचले होते की नाही हा माझा मुद्दा नाही. 'जेजुरी' शिकवणाऱ्याने तरी ते वाचावे, आणि मुरळीच्या गाण्याशेजारी ठेवून शिकवावे. आजवर ज्या वर्गांत मी बसलो त्यांत हे झाले नाही.

ग्लासगो शहरात अॅलस्डेअर ग्रे (1934–2019) हा असाच चित्रकार-लेखक होऊन गेला. कामगाराचा मुलगा. पुस्तकांची मुखपृष्ठे आणि चित्रे तो स्वतः काढी, शहरातल्या भिंती रंगवी. त्याच्या 'लॅनार्क' (1981) या कादंबरीत एक पात्र म्हणते की, ज्या शहराचा कोणी कलावंत वापर केला नाही, तेथे राहणारी माणसेदेखील कल्पनेने तेथे राहत नाहीत. हे मी विहारात सांगितल्यावर नागफणीवर लोकांना नेणारा तोच विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे सर, तोपर्यंत आपणच आपल्या गावात पर्यटक." नेमाड्यांच्या आक्षेपाला मला माहीत असलेले हे सर्वांत चांगले उत्तर आहे, आणि तो आक्षेप खोडून न काढताही ते उभे राहते.

मुरळीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने त्या कवितेची झेरॉक्स नेली आहे. तिच्या आजीच्या माहेरी अशी एक बाई होती म्हणे. आजीला वाचून दाखवून ती काय म्हणते ते पुढच्या रविवारी सांगणार आहे.