झी मराठी आणि कल्याणपलीकडचा प्रेक्षक

स्लोव्हाकियात ऑगस्ट १९९६च्या अखेरीस 'मार्किझा' ही खासगी वाहिनी सुरू झाली, तेव्हा त्या देशाची लोकसंख्या जेमतेम ५४ लाख होती. एवढ्या लहान भाषेच्या बाजारात जाहिरातींवर वाहिनी चालेल, असा हिशेब अमेरिकी भांडवलाने मांडला आणि तो खरा ठरला. सहा-सात कोटींची मराठी मात्र मुंबई दूरदर्शनवरच विसंबून राहिली होती. झी समूहाची 'अल्फा टीव्ही मराठी' आली ती १५ ऑगस्ट १९९९ रोजी. २००५ साली तिचे नाव 'झी मराठी' झाले. या वाहिनीने मराठी घरांची संध्याकाळ मराठीतच राखली, हे तिचे श्रेय मोठे आहे आणि ते मोकळेपणाने द्यायला हवे. तरी एक प्रश्न उरतो. मुंबईजवळची, कल्याणच्या पलीकडची उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे मिळून २०११च्या जनगणनेत नऊ लाखांहून अधिक माणसांची, म्हणजे स्लोव्हाकियाच्या राजधानीच्या दुप्पट. या माणसांचे जगणे मराठी मालिकेत ठळकपणे का उतरले नाही?

माझ्या मते याचे उत्तर प्रेक्षक मोजण्याच्या पद्धतीत आहे. व्यापारी वाहिनी कार्यक्रम विकत नाही. ती जाहिरातदाराला प्रेक्षक विकते, आणि जो प्रेक्षक मोजला जातो तोच विकता येतो. याच वाहिनीच्या 'आभाळमाया' मालिकेतली सुधा जोशी प्राध्यापिका होती. शहरी, नोकरदार मध्यमवर्ग हा तेव्हाच्या मोजणीचा कणा होता आणि कथाही त्याच घरातल्या होत्या. २०१५ साली 'बार्क' या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेने मोजणी हाती घेतली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण घरांचे आकडेही येऊ लागले. पुढच्या दीड-दोन वर्षांत झी मराठीवर काय आले ते पाहा: कोकणातली 'रात्रीस खेळ चाले', कोल्हापूरकडची 'तुझ्यात जीव रंगला', साताऱ्याची 'लागिरं झालं जी'. वाडा, तालीम, सैन्यात जायचे स्वप्न, त्या त्या भागाची बोली हे सारे एकाएकी मुख्य वेळेत आले. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. यात लेखक-दिग्दर्शकांचे श्रेय कमी होते का? मुळीच नाही. अशा कथा लिहिणारे आधीही होते. त्यांच्यासाठी दार उघडले ते मात्र आकड्यांनी.

कल्याणपलीकडच्या या पट्ट्यासाठी ते दार उघडले नाही, कारण हिशेबात तो स्वतंत्र नाहीच. जनगणना या तिन्ही शहरांना बृहन्मुंबईच्या नागरी समूहात धरते आणि जाहिरातदारही त्यांना मुंबईचा बाजार समजतो. इथला प्रेक्षक आधीच मुंबईच्या खात्यात जमा असेल, तर त्याच्यासाठी वेगळी कथा रचण्याची निकड कोणाला वाटणार? पण जगणे तर वेगळे आहे. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत उतरलेल्या सिंधी निर्वासितांनी उभे केलेले, आजही कॅम्प नंबर एक ते पाच अशाच पत्त्यांनी ओळखले जाणारे उल्हासनगर. तिथले जीन्सचे कारखाने आणि फर्निचर बाजार. आयुध कारखान्याच्या पाळ्यांवर आणि एमआयडीसीवर वाढलेले अंबरनाथ. परवडणाऱ्या घरासाठी बदलापूर गाठून रोज लोकलमध्ये तीन-चार तास घालवणारी कुटुंबे. यात सासू-सून आहे, हप्ते आहेत, दोन भाषांचा शेजार आहे. मालिकेला आणखी काय हवे? जुलै २०१९च्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा हा परिसर दिवसभर पडद्यावर होता. संकट आले की कॅमेरा येतो. रोजच्या जगण्यासाठी तो येत नाही.

उल्हासनगर सिंधी आहे, ते मराठी वाहिनीचे क्षेत्र नव्हे, असे कोणी म्हणेल. पण त्या शहरात मराठी कामगार, दलित वस्त्या, दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि सिंधी-मराठी शेजार हा तर मराठी कथेने जवळजवळ न शिवलेला विषय आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मालिका ही विरंगुळ्यासाठी असते, दिवसभर गर्दीत चेंगरून आलेल्याला पडद्यावर पुन्हा गर्दी कशाला? हे काही अंशी खरे आहे. पण याच वाहिनीच्या 'होम मिनिस्टर'ने २००४पासून सूत्रसंचालक आदेश बांदेकरांना साध्यासुध्या घरांत नेले, तिथल्या वहिनींना बोलते केले आणि पैठणी दिली. हा कार्यक्रम अठरा वर्षे टिकला. आपल्यासारखे घर पडद्यावर दिसावे ही ओढ त्यात स्पष्ट दिसते.

राहता राहिला खर्चाचा मुद्दा. बाह्यचित्रीकरण महाग पडते, हे मान्य. पण कोकणात आणि साताऱ्यात अख्खे युनिट महिनोन्‌महिने मुक्कामाला ठेवणे जमले. ज्या ठाणे परिसरात कितीतरी मराठी मालिकांचे सेट उभे असतात, तिथून अंबरनाथला लोकलने तासभरही लागत नाही.