चिरलेली भाजी घ्यावी की नाही?

दिवसभर कापूस वेचून दिवेलागणीला घरी आलेल्या बाईला भाजी निवडत बसायला वेळ कुठे? खामगाव असो की मेहकर, बाजारात चिरलेली भाजी दिसली की हात तिकडे जातो. त्याला आम्ही आळस म्हणणार नाही. वेळ वाचतो, आणि अख्ख्या कोहळ्याऐवजी फोड घेतली तर लहान कुटुंबात नासाडीही होत नाही.

पण साल हे भाजीचे संरक्षण आहे. भाजी चिरली की रस सुटतो, त्यावर जंतू झपाट्याने वाढतात. हवा आणि उजेड लागून ‘क’ जीवनसत्त्व व फोलेट कमी होते. गरोदर बाईला फोलेटची फार गरज असते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. अशा उन्हात गाडीवर उघडी पडलेली चिरलेली भाजी तासाभरातच धोक्याची होऊ लागते.

म्हणून घ्यायचीच तर समोर चिरून घ्या. चिकट, आंबूस वासाची, पाणी सुटलेली घेऊ नका. घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने झटपट धुवा, भिजत ठेवू नका, आणि लगेच शिजवा. कोशिंबिरीसाठी काकडी, टोमॅटो मात्र अख्खेच आणा. पालेभाजीही अख्खी जुडीच घ्या. आधी धुवा, मग चिरा.

आणि जुडी निवडायला घरातले सगळे बसले तर काम दहा मिनिटांचे. विळी काही एकट्या बाईच्या नावावर लिहिलेली नाही!